कामातून प्रशिक्षण आणि तरुणांची नोकरी: मूल्यमापनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशिक्षण संस्था, त्यांना निधी देणारी मंडळी आणि आपल्याकडे शिकाऊ उमेदवार घेणारे मालक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या बॅचमधल्या ७५ टक्के मुलांना नोकरी लागली. मग वेगळं मूल्यमापन कशाला?

७५ टक्के नेमके कशाचे, हे आधी बघावं लागतं. समजा पहिल्या दिवशी १२० जणांनी नाव नोंदवलं, ९० जणांनी प्रशिक्षण पूर्ण केलं, सहा महिन्यांनी त्यातल्या ७२ जणांशी फोनवर बोलणं झालं आणि ५४ जण कामावर होते. बोलणं झालेल्यांपैकी ७५ टक्के, पूर्ण केलेल्यांपैकी ६० टक्के, नोंदणी केलेल्यांपैकी ४५ टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत, पण अहवालात बहुतेक वेळा पहिलाच जातो.

मधेच गळालेले ३० आणि फोनवर न सापडलेले १८ बाकीच्यांसारखेच असतील, असं धरून चालता येत नाही. म्हणून छेदात पहिल्या दिवशीच्या हजेरीपटावरची सगळी नावं ठेवा आणि तिन्ही टक्के शेजारी शेजारी लिहा. एवढं केल्यावरही या मुलांना आपल्यामुळे नोकरी लागली का, हे कळत नाहीच. त्यासाठी पुढचा प्रश्न.

२. प्रशिक्षण मिळालं नसतं तर या मुलांचं काय झालं असतं, हे कसं कळणार?

त्याच मुलांचं ते दुसरं आयुष्य कुणालाच दिसत नाही. म्हणून शक्य तितका त्यांच्यासारखाच, पण प्रशिक्षण न मिळालेला गट शोधावा लागतो. मूल्यमापनाचा सगळा कस इथे लागतो.

'प्रवेशाच्या वेळी सगळे बेकार, वर्षाने निम्मे कामावर' ही तुलना या विषयात हमखास फसवते. एक तर १९ वर्षांचा मुलगा २० वर्षांचा होईपर्यंत स्वतःच्या खटपटीनेही काहीतरी काम मिळवतो. दुसरं म्हणजे माणूस प्रशिक्षणाकडे वळतो तोच हातचं काम गेल्यावर. अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ साली दाखवून दिलं की प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई येण्याआधीच्या काळात घसरलेली असते. पुढे ती थोडीफार आपोआपच सावरते आणि ते श्रेय प्रशिक्षणाच्या नावावर जमा होतं.

सगळ्यात भरवशाचा तुलना गट चिठ्ठ्या टाकून मिळतो (प्रश्न ३). चिठ्ठी शक्य नसेल आणि प्रवेश परीक्षेला ठरावीक गुणांची अट असेल, तर त्या रेषेच्या अलीकडची नि पलीकडची मुलं पडताळून बघा. ६० ला प्रवेश असेल तर ५८-५९ वाले आणि ६०-६१ वाले यांच्यात मुळात फारसा फरक नसतो. अट एकच: रेषा काटेकोर पाळलेली हवी. ओळखीने चार जण आत घेतले की ही पद्धत बाद. वय, शिक्षण आणि आधीचं काम जुळवून बाहेरची मुलं निवडणं हा तिसरा मार्ग, पण जिद्द आणि घरचा पाठिंबा कागदावर जुळवता येत नाही. रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ साली एका अमेरिकी कार्यक्रमात चिठ्ठीने मिळालेलं उत्तर आणि अशा जुळवाजुळवीने मिळालेली उत्तरं ताडून पाहिली, तर ती बऱ्याच ठिकाणी जुळलीच नाहीत.

३. चिठ्ठ्या टाकून निवड करणं मुलांवर अन्याय नाही का?

जागा सगळ्यांना पुरत असतील तर अन्यायच आहे, तेव्हा ते करू नका. पण जागा ४० आणि पात्र अर्ज १०० असतील, तर ६० जणांना नाही म्हणावंच लागणार. तिथे मुलाखतीपेक्षा चिठ्ठी जास्त निःपक्षपाती असते. मुलाखतीत चुणचुणीत मुलं निवडली जातात, म्हणजे आपल्याशिवायही नोकरी मिळवू शकणारी.

कोलंबियातल्या 'होवेनेस एन अ‍ॅक्सिओन' या कार्यक्रमात तीन महिने वर्ग आणि तीन महिने प्रत्यक्ष कंपनीत काम असं प्रशिक्षण होतं. २००५ साली तिथे संस्थांना जागांपेक्षा जास्त उमेदवार पसंत करायला सांगितलं आणि त्यांच्यातून चिठ्ठीने निवड केली. संस्थांचा निवडीचा हक्कही राहिला आणि तुलना गटही मिळाला.

करायचं असं: पात्रतेची यादी आधी पूर्ण बंद करा. चिठ्ठी निघण्याआधीच सगळ्यांची प्राथमिक माहिती भरून घ्या, कारण नकार मिळालेला मुलगा नंतर फॉर्म भरायला येत नाही. मुली-मुलगे आणि केंद्रं यांच्या वेगळ्या याद्या करून प्रत्येकीतून सोडत काढा. सख्खी भावंडं एकाच चिठ्ठीवर घ्या. सोडत उमेदवारांसमोर काढा आणि प्रतीक्षायादीचा क्रमही तेव्हाच ठरवा. सोडतीनंतर एकही नाव बदलायचं नाही.

एक खाचखळगा प्रतीक्षायादीचा. 'पुढच्या बॅचला तुझा नंबर' असं पक्कं सांगितलं की मुलगा नोकरी शोधणं थांबवतो. मग तुलना गट मुद्दाम मागे पडल्यासारखा दिसतो आणि आपला परिणाम फुगतो.

४. आमची बॅच ३० जणांचीच आहे. आम्ही परिणाम मोजू शकतो का?

परिणाम मोजता येणार नाही, पण कामाची तपासणी करता येईल. हिशेब बघा. तुलना गटातले ४० टक्के कामावर असतील आणि तुम्हाला ५० टक्क्यांपर्यंतची वाढ पकडायची असेल, तर नेहमीच्या निकषांनी (५ टक्के सार्थकता, म्हणजे परिणाम नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता ५ टक्केच; ८० टक्के पॉवर, म्हणजे परिणाम असेल तर तो पकडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक गटात साधारण ३८५ जण लागतात. वाढ ५ टक्के बिंदूंचीच (४० वरून ४५ टक्के) अपेक्षित असेल तर सुमारे १,५३०. त्यात २० टक्के मुलं नंतर सापडणार नाहीत असं धरलं तर ३८५ चे ४८० होतात. आणि चिठ्ठी एकेका मुलाऐवजी अख्ख्या २५ च्या बॅचवर टाकली, तर एका बॅचमधली मुलं एकमेकांसारखी असल्यामुळे संख्या दुपटीच्याही वर जाऊ शकते.

३० जणांत तीन जण इकडचे तिकडे झाले की १० टक्के हलतात. म्हणून लहान संस्थांनी 'आमच्यामुळे' हा शब्द अहवालातून काढावा आणि हजेरी, कौशल्यचाचणी (प्रश्न ८) आणि वर्षभराचा पाठपुरावा (प्रश्न ७) चोख ठेवावा. प्रामाणिकपणे ठेवलेल्या नोंदींची किंमत कमी नाही. चार-पाच संस्थांनी एकच प्रश्नावली वापरली तर पुढे एकत्र मोजणीही जमते.

५. 'नोकरी लागली' म्हणजे नेमकं काय धरायचं?

व्याख्या बॅच सुरू होण्याआधी कागदावर लिहा. निकाल हातात आल्यावर ठरवलेली व्याख्या नेहमी आपल्याच बाजूची निघते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मोजणीत संदर्भ आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. देशाच्या आकडेवारीसाठी हे ठीक आहे, तुमच्या कार्यक्रमासाठी फार सैल. म्हणून पायऱ्या ठेवा: गेल्या सात दिवसांत मोबदल्याचं काम केलं का, किती तास, गेल्या महिन्यात हातात किती पैसे आले, लेखी करार आहे का, आणि शिकलेल्या कामाचा या कामाशी संबंध आहे का. 'सध्या नोकरी करतोस का?' एवढंच विचारलं तर रोजंदारीवर जाणारा 'नाही' म्हणतो आणि घरच्या दुकानात फुकट बसणारा 'हो'.

नेमणूकपत्राचा फोटो हा कामावर टिकल्याचा पुरावा नव्हे. पुढे शिकायला गेलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा. खरी काळजी करायची ती शिक्षणातही नाहीत नि कामातही नाहीत अशांची.

६. प्रशिक्षण संपल्यावर किती महिन्यांनी विचारायचं?

३, ६, १२ आणि जमलं तर २४ महिन्यांनी. तीन महिन्यांचा आकडा एकट्याने कधीच छापू नका.

प्रशिक्षणाच्या काळात मुलं पूर्णवेळ कमवत नसतात, तुलना गट कमवत असतो. त्यामुळे सुरुवातीला आपलीच मुलं मागे दिसतात. अमेरिकेतल्या 'जॉब कोअर' या तरुणांच्या सरकारी प्रशिक्षण कार्यक्रमात १९९४ ते १९९६ दरम्यान १६ ते २४ वयाच्या अर्जदारांची चिठ्ठीने विभागणी झाली. तिथे आधी कमाईत पिछाडी, नंतर आघाडी आणि चौथ्या वर्षी सुमारे १२ टक्के वाढ दिसली. पुढे करनोंदींवरून पाहिलं तर ती आघाडी बहुतेकांच्या बाबतीत ओसरली, २० ते २४ वयोगटात मात्र जास्त टिकली. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूव्ह आणि आंद्रेया वेबर यांनी २०१८ साली दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र पाहिले. रोजगार कार्यक्रमांचा लगेचचा परिणाम सरासरीने जवळपास शून्य, आणि दोन-तीन वर्षांनी तो वाढलेला, असं त्यांना आढळलं.

मालकाला पगाराचा काही भाग अनुदान म्हणून मिळत असेल, तर मोजणीची तारीख अनुदान संपल्यानंतर किमान तीन महिन्यांची ठेवा. अनुदान चालू असतानाची 'टिकलेली' नोकरी अजून कसोटीला लागलेलीच नसते.

७. मुलं फोन उचलत नाहीत, नंबर बदलतात. पाठपुरावा करायचा कसा?

तयारी पहिल्या दिवशीच करावी लागते. स्वतःचा नंबर, घरातल्या एका मोठ्या माणसाचा आणि घराबाहेरच्या एका ओळखीच्या माणसाचा असे तीन नंबर घ्या आणि तिन्ही तिथेच लावून बघा. आईचा किंवा मावशीचा नंबर बहुधा बदलत नाही. दर दोन महिन्यांनी छोटा संदेश पाठवून नंबर चालू आहे का ते तपासा. मोजणीच्या वेळी वेगवेगळ्या वारी नि वेळी किमान सहा प्रयत्न करा आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवा. शिफ्टमध्ये काम करणारा मुलगा सकाळी अकराला फोन घेऊच शकत नाही. फक्त त्याच वेळी फोन केले तर नोकरी लागलेलीच मुलं यादीतून गळतात.

तरीही न सापडलेल्यांसाठी एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. उरलेल्या ८० जणांतून चिठ्ठीने २० निवडा आणि सगळी ताकद त्यांच्यावर लावा: घरी जा, शेजारी विचारा. सापडलेल्या प्रत्येकाला हिशेबात चौघांचं वजन द्या. ८० जणांच्या मागे अर्धवट धावण्यापेक्षा यातून जास्त खरं चित्र मिळतं.

दोन्ही गटांत सापडण्याचं प्रमाण सारखं आहे का, हेही बघा. आपली मुलं ९० टक्के सापडली आणि तुलना गटातली ६० टक्के, तर पुढचा सगळा हिशेब डळमळीत होतो. आणि फोन मुलांच्या प्रशिक्षकाने करू नये. ज्या सरांनी शिकवलं त्यांना 'घरी बसलोय' असं सांगायला मुलांना जड जातं.

८. कामाच्या जागी खरंच शिकवलं जातं का, हे कसं तपासायचं?

हजेरीपटावरून नाही. १०० टक्के हजेरी असलेल्या मुलाने तीन महिने नुसती झाडलोट केलेली असू शकते.

प्रत्येक कामधंद्यासाठी १५ ते २५ कामांचं एक कार्ड करा. प्रत्येक कामापुढे तीन रकाने: पाहिलं, हाताखाली केलं, एकट्याने केलं. तारीख मुलाने लिहायची, सही सुपरवायझरने करायची. महिन्याने कार्ड हातात घेतलं की चित्र लगेच उघडं पडतं. 'पाहिलं' भरलेलं आणि बाकी दोन्ही कोरे असतील, तर मुलगा बाजूला उभा आहे. सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच दिवशी भरल्यासारख्या दिसल्या, तर कार्ड तपासणीच्या आदल्या रात्री भरलंय.

त्याला जोड म्हणून प्रात्यक्षिक चाचणी घ्या, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. मशीन शॉपमधलं उदाहरण: १० तुकडे, प्रत्येकाची तीन मापं, ०.०२ मिमीपर्यंत मोजणारा व्हर्नियर (दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायचं साधन). जाणकाराच्या मापापेक्षा ०.०४ मिमीहून जास्त फरक पडला तर ते माप चूक. ३० पैकी किती बरोबर आली ते लिहा. सुरुवातीला मुलं मुख्य पट्टीवरचा आकडा बरोबर वाचतात, पण व्हर्नियरची जुळणारी रेघ चुकवतात, किंवा जबडा तिरका धरतात आणि माप जास्त येतं. तीन महिन्यांनीही चूक त्याच जागी असेल, तर दोष मुलाचा नाही, हात धरून कुणी शिकवलेलंच नाही. परीक्षक बाहेरचा हवा आणि समोरचा मुलगा कुठल्या गटातला हे त्याला माहीत नको.

९. मालक मुलांना स्वस्तातली मजुरी म्हणून वापरतोय अशी शंका आहे. खुणा कोणत्या?

त्याच जागेवर दर बॅचला नवा शिकाऊ येतो आणि एकालाही कायम केलं जात नाही, ही सगळ्यात ठळक खूण. पट मागवा: कार्यक्रमाआधीच्या वर्षी पगारी माणसं किती, आता किती. शिकाऊ वाढले आणि पगारी कमी झाले, तर तुम्ही नोकऱ्या निर्माण करत नाही, आहेत त्या बदलताय. शिकाऊंच्या कामाचे तास नियमित कामगारांइतके आणि कामाच्या कार्डावर (प्रश्न ८) दोन-तीनच कामं, ही दुसरी खूण. मुलांशी बोलणं कामाच्या जागेबाहेर करा. मालक शेजारी उभा असताना मिळालेली उत्तरं वापरू नयेत.

१०. मुलाने सहा महिन्यांत नोकरी सोडली तर ते अपयश धरायचं का?

कारण विचारल्याशिवाय नाही. जास्त पगारावर गेला, शिकायला गेला, काढून टाकलं, त्रास झाला म्हणून सोडली, असे चार रकाने तरी हवेत.

युगांडात २०१३ पासून झालेल्या एका प्रयोगात काहींना संस्थेत व्यावसायिक प्रशिक्षण मिळालं, तर काहींना थेट कंपनीत. कंपनीत शिकलेल्यांनी सुरुवातीला आघाडी घेतली, पण पुढे संस्थेतल्यांनी त्यांना गाठलं, कारण त्यांच्याकडे दुसरीकडे चालणारं प्रमाणपत्र होतं आणि काम सुटलं तरी नवं लवकर मिळत होतं. कामावर शिकवणाऱ्या कार्यक्रमांनी हे मनावर घ्यावं. मुलाचं कौशल्य त्या एका मालकापुरतं राहता कामा नये. म्हणून 'तीच नोकरी टिकली का' यापेक्षा 'वर्षातले किती महिने कामावर होता' हा प्रश्न चांगला.

११. निवड झालेल्यांपैकी ३० टक्के मुलं आलीच नाहीत. त्यांना वगळायचं ना?

नाही. न येणारी मुलं वेगळी असतात, त्यांना काढलं की चिठ्ठीने साधलेला सारखेपणा मोडतो. आधी 'संधी दिलेले सगळे' विरुद्ध 'संधी न दिलेले सगळे' अशी तुलना करा. समजा ३०० जणांना संधी दिली, २१० आले आणि दोन गटांच्या रोजगारात ७ टक्के बिंदूंचा फरक आला. प्रत्यक्ष आलेल्यांवरचा परिणाम ७ भागिले ०.७, म्हणजे १० टक्के बिंदू. मात्र तुलना गटातलं कुणी मागच्या दाराने आत आलेलं नसावं आणि नुसत्या निवडीने न आलेल्यांना काही फायदा झालेला नसावा, तरच हे गणित चालतं. दोन्ही आकडे द्या.

१२. पगारवाढ मोजताना फक्त नोकरी असलेल्यांचाच पगार घ्यायचा का?

मुख्य आकडा म्हणून नको. प्रशिक्षणामुळे एरवी कामावर न गेलेली कच्ची मुलंही कामाला लागली, तर कामावर असलेल्यांचा सरासरी पगार उलट खाली येतो आणि चांगला कार्यक्रम वाईट दिसतो. सगळ्यांची मासिक कमाई घ्या, बेकारांची शून्य धरून.

१३. आमच्या मुलांना मिळालेल्या नोकऱ्या इतरांच्या हातून गेल्या असतील तर?

असं होतं, आणि एका केंद्रापुरत्या मोजणीत ते दिसत नाही. फ्रान्समध्ये बेकार पदवीधर तरुणांना नोकरी शोधायला मदत करणारा कार्यक्रम (प्रशिक्षणाचा नव्हे) २३५ स्थानिक रोजगार क्षेत्रांत तपासला गेला. कुठे कुणालाच मदत नाही, कुठे पाव, कुठे निम्म्या, कुठे पाऊण आणि कुठे सगळ्या तरुणांना, असं चिठ्ठीने ठरवलं. २०१३ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार मदत मिळालेल्यांचा फायदा काही अंशी त्याच भागातल्या मदत न मिळालेल्यांच्या नुकसानीतून आला होता.

एवढी मोजणी प्रत्येकाला परवडत नाही. निदान मालकांना विचारा: हा मुलगा आला नसता तर जागा रिकामी राहिली असती का? माणूस मिळत नाही म्हणून अडलेल्या कामात धोका कमी. जिथे एका जागेला पन्नास अर्ज येतात तिथे फार जास्त.

१४. एका नोकरीमागे खर्च किती, हे कसं काढायचं?

एकूण खर्चाला *जादा* नोकऱ्यांनी भागा, लागलेल्या सगळ्या नोकऱ्यांनी नव्हे. २०० जणांच्या कार्यक्रमात ४५ टक्के, म्हणजे ९० जण कामावर आहेत आणि तुलना गटात ३८ टक्के. फरक ७ टक्के बिंदूंचा, म्हणजे जादा नोकऱ्या १४. लागलेल्या नोकरीमागे खर्च एका प्रशिक्षणार्थीच्या खर्चाच्या २.२ पट दिसतो, जादा नोकरीमागे १४.३ पट. निधी देणाऱ्याला दुसरा आकडा दाखवायला धीर लागतो, पण दोन कार्यक्रमांची तुलना त्याच्याशिवाय करू नये. खर्चात सुपरवायझरचा शिकवण्यात गेलेला वेळ आणि वाया गेलेला माल धरा. तो मालक सोसतो, म्हणून हमखास विसरला जातो.

१५. निधी नोकरी लागलेल्यांच्या संख्येवर मिळतो. त्याने मूल्यमापन बिघडतं का?

मूल्यमापनाआधी कार्यक्रमच बिघडतो. संस्था सहज नोकरी लागतील अशीच मुलं घेऊ लागते आणि ज्यांच्यासाठी योजना काढली ती दाराबाहेर राहतात. प्रवेश घेणाऱ्यांचं शिक्षण नि आधीचा कामाचा अनुभव दर बॅचला तक्त्यात मांडा. तो बॅचगणिक वर सरकताना दिसला की समजा गाळणी लागली आहे. निधीचा हप्ता बारा महिन्यांच्या टिकण्याशी जोडणं आणि जास्त अडचणीतल्या मुलांसाठी दर जास्त ठेवणं, याने हे बरंच आटोक्यात येतं.

१६. एकूण परिणाम दिसला नाही, पण मुलींमध्ये चांगला दिसतो. तसं लिहू का?

मुलींचा हिशेब वेगळा करायचं आधीच लिहून ठेवलं असेल, तर जरूर लिहा. कोलंबियात (प्रश्न ३) खरोखरच मुलींना जास्त फायदा झाला, त्यांची कमाई सुमारे २० टक्के वाढली. पण निकाल आल्यावर वय, जात, शिक्षण, केंद्र, लिंग असे वीस तुकडे पाडून बघितले, तर एखादा निव्वळ योगायोगानेच 'यशस्वी' निघतो. तसं केलं असेल तर किती तुकडे पाहिले तेही सांगा आणि पुढच्या बॅचमध्ये पुन्हा तपासा.

१७. सगळं नीट केलं आणि परिणाम जवळपास शून्य आला. आता?

आधी अपेक्षा जागेवर आणा. डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ साली विकसनशील देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. व्यावसायिक प्रशिक्षण देऊ केलेल्या दर १०० जणांमागे एरवी न मिळालेली नोकरी जेमतेम दोन-तीन जणांनाच मिळत होती. तेव्हा शून्याच्या जवळचा आकडा म्हणजे तुमचीच नामुष्की नव्हे.

मग क्रमाने चार गोष्टी तपासा. विश्वासाचं अंतर (खरा परिणाम ज्या दोन आकड्यांच्या मधे असू शकतो तो पट्टा) किती रुंद आहे: 'उणे ६ ते अधिक ९' असेल तर परिणाम नाही असं ठरत नाही, एवढ्या नमुन्यात तो दिसला नाही इतकंच. तुलना गटातल्या किती जणांनी दुसरीकडे प्रशिक्षण घेतलं: निम्म्यांनी घेतलं असेल तर तुम्ही तुमचा कार्यक्रम दुसऱ्या कार्यक्रमाशी ताडून बघितलात. कौशल्यचाचणीत फरक पडला का: पडला नसेल तर दोष शिकवण्यात. कौशल्य वाढलं पण नोकरी नाही, तर त्या कौशल्याला मागणी कुठे आहे, किंवा मुलं तिथपर्यंत पोचतात का, हे बघा. काही वेळा अडचण बसच्या वेळेची किंवा रात्रपाळीला घरून परवानगी नसण्याची निघते आणि ती अभ्यासक्रम बदलून सुटत नाही.

हा निकाल छापा, पद्धतीसकट आणि सगळ्या आकड्यांसह. तसाच कार्यक्रम काढू पाहणारं कुणीतरी नेमकं हेच शोधत असेल.